तांबेबाईंच्या सोंगट्या

परळच्या एका हॉस्पिटलात मी विमल तांबेंबरोबर अकरा वर्षं नोकरी केली. मी पॅथॉलॉजीत, त्या रेकॉर्ड सेक्शनला. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून इंग्रजीतलं एक अख्खं वाक्य मी ऐकलं नाही. खिडकीवर कोणी इंग्रजी झाडलं तर त्या मान खाली घालून सगळं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "केसपेपरचा नंबर सांगा, फाईल आणते." समोरचा कुठलाही असो, कितीही मोठा असो, उत्तर मराठीत. आणि तो माणूस निमूटपणे नंबर सांगायचा.

असं असूनही त्यांना जेवढे इंग्रजी शब्द येत तेवढे आमच्या कुठल्याच डॉक्टरला येत नव्हते. तेही रोजचे नव्हेत. सी-डब्ल्यू-एम हा त्यांचा आवडता. तीन अक्षरं, त्यांत एक स्वर नाही. उच्चार 'कूम', अर्थ डोंगराच्या कुशीतली वाटीसारखी दरी. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, बाई फिरकी घेताहेत. त्यांनी डिक्शनरी काढून माझ्यापुढं ठेवली आणि पान उघडायचं कामही मलाच लावलं.

एकदा मी विचारलं, "बाई, एवढे शब्द येतात, मग बोलत का नाही?"

"वाक्य बनवायला गेलं की क्रियापद कुठं ठेवायचं तेच कळत नाही रे. आमच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत पाचवीला इंग्रजी आलं, आणि सहावीला शिकवणारे गुरुजी बदली होऊन गेले. एकेकटा शब्द बरा. तो कुणाच्या मागंपुढं लागत नाही."

अंगानं ठेंगण्या, सुती साडी, मनगटावर पुरुषी पट्ट्याचं घड्याळ, चष्म्याची एक काडी काळ्या दोऱ्यानं बांधलेली. लग्न केलं नव्हतं. काळाचौकीच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आई आणि त्या. आई मिलमध्ये वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामाला होती. मिल बंद पडली तेव्हा बाईंना नुकतीच आमच्याकडे नोकरी लागलेली. लेकीला नोकरी लागली म्हणून आपलं घर गावाला गेलं नाही, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

शब्दांचा नाद लागला तो डॉक्टरांच्या अक्षरामुळं. केसपेपरवरचं वाचता येईना म्हणून बाईंनी सेक्शनमधली जुनी डिक्शनरी जवळ घेतली. हवा तो शब्द शोधताना वरचा-खालचा वाचायचा, मग त्याच्या खालचा. वर्षभरात केसपेपर बाजूला राहिला आणि डिक्शनरीच वाचायला लागल्या. त्यातच एक इंटर्न हॉस्टेल सोडताना आपला स्क्रॅबलचा पट रेकॉर्ड सेक्शनमध्ये टाकून गेला. पिशवीतून अक्षरांच्या सोंगट्या काढायच्या, प्रत्येकाकडे सात, आणि पटावर आडवे-उभे शब्द जुळवायचे, असा तो खेळ. इंग्रजीत त्या चौकोनांना टाइल म्हणतात, बाई सोंगट्याच म्हणायच्या. घरी खेळायला म्हणून त्यांनी एक्स-रे फिल्मच्या रिकाम्या खोक्यांचा पुठ्ठा कापून अख्ख्या शंभर सोंगट्या स्वतः बनवल्या. निळ्या शाईनं अक्षर, खाली कोपऱ्यात बारीक गुण. त्यातल्या सात कायम पर्समध्ये, एका छोट्या कापडी बटव्यात. बसच्या रांगेत, बँकेत, दाताच्या डॉक्टरकडे, कुठंही बसल्या की बटवा सोडायचा, सोंगट्या तळहातावर घ्यायच्या, जुळवायच्या, मोडायच्या. नंबर आला की बोटं आपोआप सोंगट्या पर्समध्ये टाकायची. त्यांचं तिकडं लक्षही नसायचं.

जेवणाच्या सुट्टीत फायलींच्या दोन रॅकमध्ये स्टूल ठेवून डाव पडायचा. बाई, मी आणि डॉक्टर मेनन. मेनन मेडिसिनला रेसिडेंट होता, केरळचा, वर्षभरात बऱ्यापैकी मराठी शिकलेला. फोनवर शब्दांच्या याद्या पाठ करायचा. त्यानं एकदा क्यू-आय असा दोन अक्षरी शब्द लावून भरपूर गुण घेतले. बाईंनी विचारलं, "म्हणजे काय?"

"माहीत नाय. पण चालतो."

"तुम्हाला चालतो. मला नाही चालत."

"बाई, रूलमधे अर्थ नाय लागत."

"पेशंटला न बघता गोळी देता का तुम्ही?"

मेनननं मुकाट फोन काढला. चिनी लोक शरीरातल्या प्राणशक्तीला तसं म्हणतात, एवढं त्यानं वाचून दाखवलं. मग बाईंनी त्याला गुण लिहू दिले आणि स्वतःच्या वहीत अर्थ उतरून घेतला. आपला शब्द आपल्याला माहीत असला पाहिजे, हा त्यांचा घरचा नियम होता आणि तो त्या आमच्यावरही लादायच्या. जुन्या फॉर्मच्या कोऱ्या पाठी शिवून त्यांनी वही केली होती. ई-टी-यू-आय, सुया ठेवायची डबी. झेड-एच-ओ, गाय आणि याक यांचं वासरू. ओ-ई, उत्तरेकडच्या बेटांवरची वावटळ. एकेका शब्दापुढं त्यांचं स्वतःचं शेरेवजा मराठी: 'आपल्याकडे बटवा', 'दिसायला गोड असणार'.

एक दिवस त्यांनी स्वतः एक शब्द लावला: सी-एच-ए-डब्ल्यू-एल. मेनन म्हणाला, "हे तर चाळ झालं. हे मराठी आहे, इंग्रजी नाय." बाईंनी डिक्शनरी त्याच्याकडे सरकवली. शब्द होता. भारतातली, विशेषतः मुंबईतली, कामगारांना राहण्याची मोठी इमारत, असं काहीसं लिहिलं होतं. चुकीची हरकत घेतली म्हणून मेननची पाळी गेली. तो हसून म्हणाला, "बाई, आज तुमचं घर डिक्शनरीत आहे."

बाईंनी चष्मा वर करून ती ओळ पुन्हा वाचली. "अर्थ अपुरा दिलाय," त्या म्हणाल्या. "सकाळच्या संडासाच्या रांगेचं काहीच नाही यात."

त्यांच्या घरी मी बऱ्याचदा जायचो. मी घोडपदेवचा, वाटेत काळाचौकी. आईचा शुगरचा रिपोर्ट न्यायचं निमित्त असायचं. आईला अक्षरओळख नव्हती, पण लेक सोंगट्या मांडून बसली की ती शेजारी लसूण सोलत बसायची आणि प्रत्येक शब्दाला विचारायची, "कितीचा झाला?" एकदा बाईंनी दोनच अक्षरं लावली. ए आणि आय.

"ह्याला आ-ई म्हणतात बघ," बाई आईला म्हणाल्या. "दक्षिण अमेरिकेतलं जनावर. तीन बोटांचं. दिवसभर झाडाला उलटं लटकून झोपतं. त्याच्याएवढं आळशी कोणी नाही."

आईनं लसूण सोलणं थांबवलं. "चाळीस वरसं पहिली पाळी केली मी. पहाटे उठून. आणि माझं नाव त्यास्नी दिलं?"

"त्यांना तू कुठं माहीत होतीस?"

"कितीचा झाला?"

"दोनचा."

"दोनचाच?" आई म्हणाली, आणि तो सल तिनं बरेच दिवस धरला. मी गेलो की मला सांगायची, "बघ रे नितीन, आईचे दोनच देतात."

बाई रिटायर झाल्या त्याच्या आदल्या वर्षी आई गेली. रिटायर होताना आम्ही सगळ्यांनी मिळून बाईंना नवा कोरा स्क्रॅबलचा संच दिला, गुळगुळीत प्लॅस्टिकच्या सोंगट्यांचा. बाईंनी तो हातात घेतला, वास घेतला आणि परत खोक्यात ठेवला. त्यानंतर मी दोनदा घरी गेलो तर बाई खिडकीशी नुसत्या बसलेल्या. घरात चहा कमी व्हायचा, पुरणपोळीची भांडी माळ्यावर गेलेली. बोलणं धड होईना. म्हणून मीच ते खूळ काढलं. दक्षिण मुंबईत एका जिमखान्यावर स्क्रॅबलची स्पर्धा होती, कोणालाही नाव देता येत होतं. मी बाईंना न विचारता त्यांचं नाव दिलं आणि मग सांगितलं. त्या आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. आठव्या दिवशी फोन आला, "तिथं इंग्रजीत बोलावं लागतं का?"

"नाही. नुसतं खेळायचं."

"बघू तर खरं."

जिमखान्याच्या हॉलमध्ये पंखे उंच, फरशी चकचकीत. खेळायला आलेली माणसं एकमेकांना ओळखत होती, लांबून हात करत होती. बाई इस्त्रीची साडी नेसून, पर्स पोटाशी धरून आल्या. सकाळी तीन डाव झाले, दोन बाईंनी जिंकले. हरलेली एक तरुण मुलगी माझ्याकडे येऊन म्हणाली, "तुमच्या आंटी प्रत्येक शब्दाला मला मीनिंग विचारत होत्या." मी म्हटलं, सवय आहे.

दुपारच्या डावाला समोर सरदेसाई म्हणून गृहस्थ आले. सत्तरीचे, पांढरे कपडे, बोलणं मोजकं आणि सगळं इंग्रजीत. पूर्वी दोनदा ही स्पर्धा जिंकलेले. डाव सुरू होताना दोघांनी मिळून शंभर सोंगट्या मोजल्या. मी बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या बाहेर, बाईंच्या पाठीमागं उभा होतो. खेळ चुरशीचा झाला. सरदेसाई लागलेलं प्रत्येक अक्षर कागदावर खोडत होते. शेवटाकडे बाई सतरा गुणांनी पुढं होत्या. बाईंनी चाल केली, पिशवीतून सोंगट्या उचलल्या, पिशवी त्यांच्याकडे सरकवली. सरदेसाईंनी एक अक्षर लावलं, पिशवीत हात घातला, चाचपलं, आणि हात रिकामा बाहेर आला.

त्यांनी टेबलावरचं डावाचं घड्याळ थांबवलं. कागद पुन्हा मोजला. पिशवीत अजून एक असायला हवी होती, ती नव्हती. आणि ती साधीसुधी नव्हती. कोरी सोंगटी, जिच्यावर अक्षर नसतं आणि जी कुठल्याही अक्षराच्या जागी चालते, तशी संचात दोन असतात, आणि दुसरी अजून दोघांनाही मिळाली नव्हती.

हॉल सांभाळणाऱ्या बाई आल्या. पिशवी उलटी करून झटकली, काही पडलं नाही. टेबलाखाली पाहिलं, खुर्च्या सरकवल्या, फरशीवर काही नाही. आजूबाजूच्या टेबलांवरचे खेळ थांबले. मग सरदेसाई हळू आवाजात इंग्रजीत म्हणाले, की मला कोणावर आरोप करायचा नाही, पण या बाईंनी खेळताना दोनदा पर्समध्ये हात घातला होता.

ते खरं होतं. एकदा रुमालासाठी, एकदा खोकल्याच्या गोळीसाठी. मी पाहिलं होतं.

त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं की पर्समध्ये सोंगट्या आहेत. आणि तीन महिन्यांपूर्वी आम्हीच त्यांना प्लॅस्टिकचा नवा संच दिला होता. अगदी याच आकाराचा, याच रंगाचा. त्यातल्या सात त्यांनी बटव्यात घातल्या असतील तर काय सांगणार, आणि कोणत्या भाषेत सांगणार? आणि खरं लिहायचं तर त्याहून वाईट विचारही मनात आला. क्षणभरच आला, पण आला. मी दोरी ओलांडून पुढं जायला हवं होतं. गेलो नाही.

हॉलच्या बाई अवघडून म्हणाल्या, "मॅडम, तुमची हरकत नसेल तर…"

"हरकत कसली," तांबेबाई म्हणाल्या. त्यांनी पर्सची चेन ओढली. अर्ध्यावर ती अडकली, त्यांनी ती मागं घेऊन पुन्हा ओढली. मग एकेक वस्तू टेबलावर मांडली, आमच्या खिडकीवर फायली मांडायच्या तशी. रुमाल. बीपीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी. घराची किल्ली. नेलकटर. चष्म्याचं फडकं. बसची तिकिटं. शेवटी तो बटवा.

सरदेसाई पुढं झुकले. बाईंनी नाडी सोडली आणि बटवा टेबलावर उपडा केला. सात सोंगट्या पडल्या. आवाज झाला नाही. पुठ्ठ्याच्या होत्या, कडा हाताळून मऊ झालेल्या, निळी शाई फिकट पडलेली.

सरदेसाईंनी एक उचलली, उलटून पाहिली. पाठीवर एक्स-रे कंपनीच्या खोक्याची छपाई होती. त्यांनी ती फार जपून परत ठेवली.

हॉलच्या बाईंना काय करावं सुचेना. त्या हातातली पिशवी नुसत्याच चोळत होत्या आणि चोळता चोळता थांबल्या. "इथं काहीतरी आहे," त्या म्हणाल्या. पिशवीला आतून अस्तर होतं, त्याची शिवण एका जागी उसवली होती, आणि सोंगटी तिथून अस्तरात शिरून पार तळाच्या कोपऱ्यात जाऊन बसली होती. बोटानं निघेना. तांबेबाईंनी टेबलावरचं आपलं नेलकटर उचलून त्यांना दिलं. चार टाके कापले आणि कोरी सोंगटी बाहेर आली.

मी श्वास सोडला तो एवढ्या जोरात की शेजारच्या माणसानं वळून पाहिलं.

सरदेसाई उभे राहिले. हात जोडले आणि मराठीत म्हणाले, "चुकलो मी."

"मोजणी तुमची बरोबर होती," बाई म्हणाल्या. "एक कमीच होती. बसा. चाल माझी आहे."

ती सोंगटी त्यांच्याच वाट्याची. त्यांनी ती घेतली, बाईंची चाल झाल्यावर बराच वेळ विचार केला, आणि तिच्या जोरावर सात अक्षरी शब्द लावला. बाई हरल्या. गुण लिहून झाल्यावर त्यांनी सरदेसाईंना विचारलं, "म्हणजे काय?" सरदेसाईंना अर्थ येत नव्हता. दोघांनी मिळून शब्दकोशात पाहिला.

संध्याकाळी आम्ही चालत गिरगावात आलो आणि एका जुन्या खानावळीत बसलो. बाईंनी दोन प्लेट थालीपीठ खाल्लं, वर पियूष मागवलं. आई गेल्यापासून मी त्यांना असं जेवताना पाहिलं नव्हतं. हरल्याचं काहीच नव्हतं त्यांना. मला मात्र घास जाईना. शेवटी मी बोललो. "बाई, मला वाटलं होतं, आमच्या संचातल्या सोंगट्या असतील पर्समध्ये. आणि… मला एकदा असंही वाटून गेलं."

"तो संच अजून खोक्यातच आहे," त्या म्हणाल्या. "फार गुळगुळीत आहेत त्या. हातात ठरत नाहीत." मग ग्लास खाली ठेवून म्हणाल्या, "मलाही वाटलं होतं."

"काय?"

"की असेल पर्समध्ये. माझ्या बोटांना सवय आहे ना, हातात सोंगटी आली की पर्समध्ये टाकायची. दोनदा हात घातला होता मी. एकदा कोरी आली असेल आणि गेली असेल आत, मला कळलंही नसेल. ती चेन अडकली ना नितीन, तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं आत काय निघणार. एवढ्या लोकांत काय सांगणार होते मी? आमच्या आईनं चाळीस वर्षं मिलमध्ये काढली. सुटताना रोज अंगझडती व्हायची, सुताचा एक धागा निघाला नाही कधी. मला तेच डोळ्यांपुढं."

मग त्या हसल्या. "निघाला तो पुठ्ठा बघून सगळ्यांत आधी मला हायसं वाटलं. त्यांना नंतर."

मीही हसलो, आणि मग मला भूक लागल्याचं कळलं.

त्या दिवसानंतर बाईंना पुन्हा तरतरी आली. सरदेसाई दर गुरुवारी त्यांना फोन करायला लागले. त्यांच्याकडे शब्द भरपूर होते, अर्थ नव्हते. पुढच्या वर्षी चाळ पुनर्बांधणीला गेली आणि पुण्याची भाची बाईंना घेऊन गेली. फोन होत राहिले. मागच्या हिवाळ्यात भाचीनं कळवलं, बाई झोपेतच गेल्या, कसलाही त्रास झाला नाही. भेट मात्र त्या पुण्याला गेल्या त्या दिवशीचीच शेवटची.

दादरला पुण्याच्या बसमध्ये मी त्यांना बसवून दिलं होतं. भाचीनं सामान वर ठेवलं. मी खाली उतरून त्यांच्या खिडकीखाली येऊन उभा राहिलो. बसच्या काचा बंद, त्यांच्यावर धुळीचा जाड थर. आतून त्या काहीतरी सांगत होत्या, मला ऐकू येत नव्हतं, नीट दिसतही नव्हतं. त्यांनी पदरानं काच पुसली. पुसत राहिल्या, पण धूळ बाहेरून होती. मग मी टाचा उंचावून माझ्या रुमालानं बाहेरून पुसली. हातभर जागा स्वच्छ झाली आणि त्यात तांबेबाईंचा चेहरा दिसला, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्या बोलायच्या थांबल्या होत्या आणि हसत होत्या. बस हलली.